पहिलं वाफेचं इंजिन: गॅसवालं की स्पिरिटवालं?

आम्ही पाच-सहा जण महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी परसात जमतो आणि वाफेवरची छोटी इंजिनं चालवतो. इंग्लंडात, रेडिंगजवळ. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ३२ मिलिमीटर, खऱ्या दोन फुटी रुळांचं छोटं रूप, आपल्या माथेरानच्या गाडीचंच म्हणा ना. नवीन कुणी आलं की चहा हातात पडायच्या आत विचारतो, पहिलं इंजिन गॅसवालं घेऊ की स्पिरिटवालं? मी आधी गॅसवालं घेतलं, तीन वर्षांनी स्पिरिटवालं, दोन्ही अजून घरात आहेत, तेव्हा माझा अनुभव सांगतो. मोजमाप वगैरे काही केलेलं नाही. आणि मॅमॉड कंपनीच्या जुन्या खेळण्यातल्या इंजिनांत जाळायच्या वड्या घालतात, तो विषय इथे सोडतो.

गॅसवालं सोपं, यात वादच नाही. पाणी, वाफेचं तेल (वाफेबरोबर जाऊन सिलिंडरला वंगण देणारं), मग कॅनमधून ब्यूटेन भरायचं, व्हॉल्व्हमधून पांढरा फवारा उडाला की टाकी भरली. चिमणीच्या तोंडाशी काडी धरली की भप् करून ज्योत आत जाते आणि सात-आठ मिनिटांत वाफेच्या दाबाचा काटा ४० पौंडांकडे सरकायला लागतो. रिमोट लावला तर खुर्चीत बसून चालवा. बहुतेक इंजिनांत गॅस पाण्याआधी संपेल असा हिशोब केलेला असतो त्यामुळे बॉयलर कोरडा पडायची धास्ती कमी, आणि घरात लहान मुलं असतील तर मी डोळे झाकून हेच घ्या म्हणेन. थंडीत मात्र रडतं. ऑक्टोबर संपता संपता टाकी बोटाला बर्फासारखी लागते, दाब पडतो आणि गाडी चढावर बसते. आमच्यातला एक जण मग टाकीभोवती गरम पाणी ओतत बसतो, पण ते चालतं, त्याचं मला काही वाटत नाही.

मला नकोसा झाला तो आवाज. ज्यांनी लहानपणी घरात पंपाचा स्टोव्ह पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. आजी काकडा पेटवायची, पंप मारायची, आणि एकदा तो भर्रर्र सुरू झाला की स्वयंपाकघरात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही, आणि तो बंद केला की आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो हे कळायचं. गॅसवाल्या इंजिनाचं अगदी तेच आहे, बारीक जेटमधून गॅस सुटतो, हवा ओढतो आणि बॉयलरच्या नळीत जळतो, तो भर्रर्र करणारच. माझ्यावाल्याला तर मधूनच शिट्टीसारखा कर्कश सूर लागतो, शेजारची मांजर उठून जाते. गॅस कमी केला की गप्प होतं पण मग चढावर वाफ पुरत नाही, वाढवला की परत भर्रर्र. (जेट तुंबलं तर स्टोव्हसारखी पिन घालू नका हं, भोक मोठं होतं. उलट्या बाजूने हवा मारायची.) काहींची गॅसची इंजिनं पुष्कळ शांत आहेत, मी ऐकलीयेत, त्यामुळे सगळ्यांना एका माळेत ओवत नाही.

स्पिरिटवालं म्हणजे वातीचा स्टोव्ह. ते पेटलंय हेच मुळात ऐकू येत नाही. पहिल्यांदा चालवलं तेव्हा सहा डबे लावून ते चढाला लागलं आणि फस्... फस्... एकेक फुत्कार वेगळा मोजता आला, रुळांच्या सांध्यावरची टकटकसुद्धा ऐकू आली, आणि सगळे आपोआप बोलायचे थांबले. गॅसवाल्याच्या वेळी हे असं कधी झालं नव्हतं. जपानच्या ॲस्टर कंपनीने १९७५ मध्ये पहिलं इंजिन काढलं तेही स्पिरिटचंच, तर ही काही कालपरवाची फॅशन नाही.

पण लाड फार. पेटवताना चिमणीवर बॅटरीचा छोटा पंखा ठेवून हवा ओढावी लागते, वाफ धरली की ब्लोअर (चिमणीत वाफेचा झोत सोडून हवा ओढणारा नळ) उघडायचा आणि मगच पंखा काढायचा, क्रम चुकला की ज्वाळा मागे केबिनमध्ये. मी चुकलोय, मागच्या भिंतीवरचा रंग फोडासारखा उठलाय अजून. वाती घट्ट बसवल्या तर स्पिरिट चढत नाही आणि सैल ठेवल्या तर बदाबदा येतं, माझी एक अख्खी संध्याकाळ त्या तीन वातींत गेली.

आणि उन्हात स्पिरिटची ज्योत दिसतच नाही. गेल्या उन्हाळ्यात वळणावर माझं इंजिन आडवं झालं, आम्ही हसत हसत उचलायला गेलो तर रुळांखालचे प्लॅस्टिकचे स्लीपर मेणासारखे वाकत होते, जळका वास येत होता आणि ज्योत कुठेच नाही! भिजवलेला टॉवेल टाकला तेव्हा विझलं. वीतभर रूळ गेला, तो दुसऱ्याच्या परसातला, नंतर मी भरून दिला. तेव्हापासून ओला टॉवेल आणि पाण्याची बादली इंजिनाच्या आधी बाहेर येते.

एवढं होऊनही रविवारी खोक्यातून काय निघतं विचाराल तर दहातल्या आठ वेळा स्पिरिटवालंच. पहिलंच घेत असाल आणि हाताशी शिकवणारं कुणी नसेल तर गॅस घ्या, पस्तावणार नाही बहुतेक. शिकवणारं कुणी असेल तर मात्र पैसे द्यायच्या आधी एकदा त्यांच्याकडे जा, दोन्ही इंजिनं एकाच चढावर चालवायला सांगा आणि दहा पावलं लांब, पाठ करून उभे राहा.