मोर्चा काढणाऱ्यांसाठी कायद्याची कार्यशाळा : नागपुरातील एक स्वागतार्ह उपक्रम

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपुरातील संघटनांचे कार्यकर्ते परवानगीचे अर्ज, फलक, मंडप आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांच्या जेवणाची सोय यांत गुंतून जातात. ज्या कायद्यांच्या चौकटीत आपला मोर्चा निघणार आहे ते कायदे वाचायला मात्र कोणालाच सवड मिळत नाही. ही उणीव ओळखून वकिलांच्या एका गटाने धंतोलीतील सभागृहात शनिवार-रविवारची सशुल्क कार्यशाळा घेतली. विषय होता दहशतवादविरोधी कायदे आणि शांततामय आंदोलनाचा हक्क. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेचे काम करणारी म्हणून मी ती पूर्ण केली. आंदोलनांत वावरणाऱ्या प्रत्येकाने ती करावी असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात दोन-तीन ठिकाणी सुधारणा हवी, त्याविषयी पुढे लिहितेच.

मला सर्वांत भावली ती सुरुवात. दहशतवादाचा धोका अतिशयोक्त आहे, असा सोपा सूर वक्त्यांनी लावला नाही. १ जून २००६ च्या पहाटे महाल भागातील संघ मुख्यालयावर हल्ला करण्यासाठी आलेले तीन सशस्त्र अतिरेकी पोलिसांशी झालेल्या चकमकीत मारले गेले आणि १ मे २०१९ रोजी गडचिरोली जिल्ह्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक प्राणास मुकले, या दोन्ही घटना आधी सांगितल्या गेल्या. त्यानंतर २३ नोव्हेंबर १९९४ चा गोवारींचा मोर्चा आला, ज्यात चेंगराचेंगरीत ११४ जणांचा जीव गेला. राज्याला हिंसाचारापासून लोकांचे रक्षण करायचे आहे आणि मागण्या घेऊन आलेल्या निःशस्त्र लोकांनाही सांभाळायचे आहे, या दोन्ही जबाबदाऱ्यांची किंमत आपल्या शहराने मोजली आहे, हे एकदा मान्य केल्यावर पुढची चर्चा आरडाओरड्याविना झाली.

कायद्यांचा इतिहास वेगाने आटोपला, आणि ते योग्यच झाले. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक अधिनियम, म्हणजे ज्याला सगळे यूएपीए म्हणतात तो, १९६७ चा. टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ मध्ये संपला, त्यानंतर आलेला तशाच स्वरूपाचा पोटा २००४ मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी दहशतवादासंबंधीच्या तरतुदी यूएपीएमध्ये आल्या. मुंबईवरील हल्ल्यानंतर २००८ मध्ये तो अधिक कठोर झाला आणि २०१९ मध्ये संघटनेप्रमाणेच एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी घोषित करण्याची सोय त्यात झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११३ मध्येही दहशतवादी कृत्याचा स्वतंत्र गुन्हा आहे.

खरा अभ्यास यूएपीएच्या कलम १५ पासून सुरू झाला. प्रत्येकाच्या हातात या कलमाची छापील प्रत दिली होती आणि सोबत काही काल्पनिक घटना लिहिलेला कागद होता. कोणती घटना कलमात बसते आणि कोणती नाही, हे आम्हाला गटागटाने ठरवायचे होते. बाँब, स्फोटके, बंदुका यांच्याबद्दल कोणाचाच वाद नव्हता. परंतु तेच कलम अन्य कोणत्याही साधनाने केलेल्या कृत्यालाही लागू होऊ शकते आणि त्या कृत्याच्या परिणामांत समाजाच्या जीवनावश्यक पुरवठ्यात किंवा सेवांत आणलेला व्यत्ययही मोडतो, हे वाचल्यावर आमच्या गटातील संत्रा उत्पादक शेतकऱ्याने चक्काजामाचे काय, असा थेट प्रश्न विचारला. वक्त्यांनी त्याला धीर देण्यासाठी गुळमुळीत उत्तर दिले नाही. देशाच्या एकात्मतेला, सुरक्षिततेला वा सार्वभौमत्वाला धोका पोहोचवण्याचा किंवा लोकांत दहशत पसरवण्याचा हेतू वा तशी शक्यता हा या कलमाचा गाभा आहे आणि रस्ता अडवणे एवढ्याने तो सिद्ध होत नाही. मात्र भाषा इतकी सैल असली की पहिला अर्थ तपास यंत्रणा लावते आणि न्यायालयाचा अर्थ पुष्कळ उशिरा येतो, असे त्यांनी सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये तीन विद्यार्थी आंदोलकांना जामीन देताना निषेधाचा हक्क आणि दहशतवादी कृत्य यांतील रेषा पुसट होत असल्याची चिंता व्यक्त केली होती, आणि तो निकाल इतरत्र दाखला म्हणून वापरू नये असे सर्वोच्च न्यायालयाने लगेच सांगितले होते, या दोन्ही बाजू त्यांनी मांडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्जमाफीच्या मागणीसाठी वर्धा मार्ग अडवला गेला तेव्हा नागपूर खंडपीठाने रस्ता मोकळा करण्याचा आदेश दिला होता. माझ्या मते समतोलाचे हेच उदाहरण आपण धरून ठेवले पाहिजे, कारण वाहतुकीच्या अडथळ्यावर वाहतुकीच्या अडथळ्यापुरताच उपाय केला गेला.

जामिनाचे सत्र ऐकताना सभागृह गंभीर झाले होते. या कायद्यात आरोपपत्राआधीची कोठडी १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. कलम ४३-ड च्या पोटकलम ५ नुसार आरोप प्रथमदर्शनी खरा मानण्यास वाजवी कारणे आहेत असे न्यायालयाला वाटले, तर जामीन देता येत नाही. त्या टप्प्यावर पुराव्यांची सखोल छाननी करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वटाली प्रकरणात म्हटले. खटला लवकर संपण्याची चिन्हे नसतील तर घटनात्मक न्यायालये तरीही जामीन देऊ शकतात, असे २०२१ मध्ये नजीब प्रकरणात म्हटले. नागपूर विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या प्रा. शोमा सेन यांना एल्गार परिषद प्रकरणात याच कायद्याखाली जून २०१८ मध्ये अटक झाली आणि सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला एप्रिल २०२४ मध्ये. दोष सिद्ध झालेला नसताना जवळजवळ सहा वर्षे तुरुंगात जातात, ही गोष्ट कोणत्याही विचारसरणीच्या माणसाला अस्वस्थ करायला हवी.

पण ही कार्यशाळा इतर व्याख्यानांहून वेगळी ठरते ती खटल्याच्या मंजुरीवरील सत्रामुळे. यूएपीएच्या कलम ४५ नुसार सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. त्या मंजुरीआधी एका स्वतंत्र प्राधिकाऱ्याने पुरावे तपासून शिफारस करायची असते, आणि २००८ च्या नियमांनी त्याला सात कामकाजी दिवस व नंतर सरकारलाही सात कामकाजी दिवस ठरवून दिले आहेत. आम्हाला मंजुरी आदेशाचा एक नमुना देण्यात आला होता : वर जावक क्रमांक, मध्ये दोन परिच्छेद, खाली सही व शिक्का. त्यातील तारखा जुळतात का, शिफारशीत कारणे दिली आहेत का आणि सर्व आरोपींची नावे त्यात आहेत का, एवढेच पाहायचे होते. आमच्यापैकी बहुतेकांना दोष सापडला नाही. मग वकिलांनी दाखवले की शिफारशीच्या पत्रात पुराव्यांचा एका ओळीचाही आढावा नव्हता.

ही बाब किती निर्णायक असते हे, माओवाद्यांशी संबंधांचा आरोप झालेले दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या प्रकरणात नागपूरने जवळून पाहिले. मे २०१४ मध्ये अटक, मार्च २०१७ मध्ये गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाची जन्मठेप, १४ ऑक्टोबर २०२२ रोजी मंजुरीच सदोष म्हणून नागपूर खंडपीठाकडून मुक्तता, दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, एप्रिल २०२३ मध्ये फेरसुनावणीचा आदेश आणि ५ मार्च २०२४ रोजी त्याच खंडपीठाकडून पुन्हा निर्दोष सुटका, या वेळी पुरावेही टिकले नाहीत म्हणून. सहआरोपींपैकी पांडू नरोटे हे ऑगस्ट २०२२ मध्येच, कैदेत असताना, वारले होते. मंजुरीतील त्रुटीवर आरोपी सुटला की लोक त्याला पळवाट म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. जामीन जवळजवळ बंद केलेल्या कायद्यात मंजुरी हीच नागरिकाच्या बाजूने उभी असलेली पहिली चाळणी आहे. ती प्रामाणिकपणे वापरली तर निरपराध माणूस तुरुंगात सडत नाही आणि खऱ्या दहशतवाद्याविरुद्धचा खटला वरच्या न्यायालयात कोसळत नाही. त्यात पोलिसांचेही हित आहे.

व्यवहारोपयोगी माहिती नेटकी होती. अटकेची कारणे लेखी मिळालीच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या पुरकायस्थ निकालाने यूएपीएच्या प्रकरणांतही स्पष्ट केले आहे. बंदी असलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्वही गुन्हा ठरू शकते, हा त्याच न्यायालयाचा मार्च २०२३ चा निकालही सांगितला गेला, त्यामुळे संयुक्त मोर्चात कोणाबरोबर उभे राहतो याची चौकशी आयोजकांनी आधीच करावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश मोर्चाच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचावा, ही सूचना मी आमच्या संघटनेच्या वहीत लिहून घेतली आहे.

उणिवाही आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये याच शहरात विधानसभेत पुन्हा मांडले गेलेले, संयुक्त समितीकडे गेलेले आणि जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलेले, कडव्या डाव्या संघटनांना आळा घालण्यासाठीचे राज्याचे विशेष जनसुरक्षा विधेयक रविवारच्या शेवटच्या अर्ध्या तासात उरकण्यात आले. त्याला स्वतंत्र सत्र हवे होते. निवृत्त पोलीस अधिकाऱ्यांना मोजकाच वेळ मिळाला, त्यामुळे बंदोबस्तावरील पोलिसांची अडचण पुरेशी कळली नाही. सर्वांत मोठी तक्रार निकालपत्रांच्या उताऱ्यांबद्दल आहे : ते सगळे इंग्रजीत होते आणि आमच्याबरोबर आलेल्या सेविकांना दर पानाला शेजारच्या विद्यार्थ्यांची मदत घ्यावी लागली.

शुल्क माफक आहे आणि संघटनेमार्फत नाव नोंदवल्यास सवलत मिळते. गडचिरोली, भामरागडकडच्या मंडळींना परतीची बस गाठण्यासाठी रविवारी दुपारीच निघावे लागले, म्हणून आयोजकांनी मंजुरीचे सत्र पहिल्या दिवशी घ्यावे आणि पुढची कार्यशाळा गडचिरोलीतच भरवावी, असे मी त्यांच्या अभिप्राय पुस्तिकेत लिहून आले आहे.