मिलिमीटरला १०० रेषांची ग्रेटिंग: नागपूरच्या गच्चीवरचा दिवाळी ते मृग अनुभव

दिवाळीत घेतलेली ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश रंगांत पसरवून वर्णपट दाखवणारी बारीक रेषांची काच, आता पावसाळ्यापुरती डब्यात गेली, तेव्हा लिहूनच टाकतो. ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), मोनोक्रोम म्हणजे कृष्णधवल कॅमेरा आणि त्याच्या तोंडाला सव्वा इंची फिल्टरसारखी फिरवून बसवलेली ही काच. घेण्यामागे एकच हौस होती: फुटलेला श्वेत बटू (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा), म्हणजे टाइप वन-ए सुपरनोव्हा, मानेवाड्यातून ओळखता येतो का?

येतो बाप्पा! तेराव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा फिकट) एका सुपरनोव्हावर छोटी छोटी एक्स्पोजर घेऊन त्यांची बेरीज केली. हायड्रोजनचा पत्ता नाही, आणि सिलिकॉनची ६३५५ अँगस्ट्रॉमची (हे तरंगलांबीचं एकक) शोषणरेषा, म्हणजे वर्णपटातली काळी खाच, निळ्याकडे सरकून ६१५० च्या आसपास. दीर्घिकेचा स्वतःचा वेग वजा केला, तरी उडालेला माल सेकंदाला १०,००० किलोमीटरच्या घरात आपल्याकडे येताना दिसतो. ही खाच इतकी रुंद असते की शहराच्या उजेडातही लपत नाही. कॅलिब्रेशनला (तरंगलांबीची पट्टी जुळवायला) हिवाळ्यात व्याध, उन्हाळ्यात अभिजित; दोघांच्याही हायड्रोजनच्या रेषा ठळक आहेत.

त्रास आहेच. एकाच ताऱ्याचा प्रकाश आत घेणारी अरुंद फट नसल्यामुळे शेजारच्या ताऱ्याचा पट्टा आपल्या पट्ट्यावर चढतो, मग ग्रेटिंग फिरवत बसा. एप्रिल-मे मध्ये कूलिंग नसलेल्या कॅमेऱ्याचा नॉइज वैताग आणतो. फिकट काही टिपायचं तर पेंचकडे जावं. २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा (काळोखं आकाश जपलेल्या जागेचा) दर्जा मिळालाय त्याला.

पण स्फोट ओळखणं वेगळं आणि तो कोणामुळे झाला हे शोधणं वेगळं. श्वेत बटूला १.४ सूर्यांच्या चंद्रशेखर मर्यादेकडे (ज्या वजनापलीकडे तो टिकत नाही तिकडे) कोणी ढकललं: साध्या जोडीदार ताऱ्याने वायू भरवून, की दुसऱ्याच श्वेत बटूने धडकून? साधा तारा असता, तर त्याचा ओरबाडलेला हायड्रोजन काही महिन्यांनी, स्फोटाची राख विरळ झाल्यावर दिसायला हवा. एम १०१ दीर्घिकेतल्या २०११एफई या सुपरनोव्हात मोठ्या दुर्बिणींनाही तो सापडला नाही. उलट २००६एक्स या सुपरनोव्हात सोडियमच्या बारीक रेषा आठवड्यागणिक बदलल्या, म्हणजे आजूबाजूला जोडीदाराने सोडलेला वायू असावा. सोडियमच्या त्या दोन रेषा ५८९० आणि ५८९६ वर; माझ्या ग्रेटिंगला साठेक अँगस्ट्रॉमच्या आतलं काही सुटं दिसत नाही. त्यासाठी फटवाला स्पेक्ट्रोग्राफ लागतो, आणि त्याची किंमत ऐकून घरात विषयच काढला नाही.

या प्रश्नाच्या जवळ जाणारं एक काम मात्र या ग्रेटिंगकडून होतं. उत्तर मुकुट तारकासमूहातला टी कोरोना बोरिअॅलिस, १८६६ आणि १९४६ मध्ये भडकलेला. लाल राक्षसी तारा तिथे श्वेत बटूला वायू पुरवतोय. तो नोव्हा, सुपरनोव्हा नव्हे. वरचा थर पेटतो, तारा शाबूत राहतो. प्रत्येक भडक्यात बटू वजन कमावतो की गमावतो, यावर त्याचं पुढचं ठरणार. एरवी दहाव्या प्रतीचा, मे महिन्यात मध्यरात्रीच्या आधी आपल्या जवळजवळ डोक्यावर. वर्णपटात लाल ताऱ्याचे टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे आणि ६५६३ वर हायड्रोजनचा उंचवटा. मे महिना त्यातच गेला. सुपरनोव्हाची वाट बघत बसण्यापेक्षा घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी, आणि कलर कॅमेरा असेल तर आधी तो बदलावा.