कवट्यांचा संच घ्यावाच, पुस्तिकेवर मात्र विसंबू नका

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. उत्क्रांतीच्या तासासाठी रेझिनच्या कवट्यांचा हा संच ऑनलाइन मागवला: खार, मांजर, माकडांचे दोन नातलग म्हणजे लेमूर आणि टार्सिअर, आणि लाल तोंडाचं माकड. साडेनऊ हजार रुपये लागले. महागच आहे, तरी कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

माकडं, लेमूर आणि आपण ज्या प्रायमेट गटात येतो, त्या गटाचे डोळे समोर का आले? नख्या जाऊन चपटी नखं का आली? झाडावर राहिल्यामुळे, असं उत्तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एलियट स्मिथ आणि वूड जोन्स या शरीररचनाशास्त्रज्ञांनी दिलं. आता खारीची कवटी हातात घ्या. डोळ्यांच्या खोबणी दोन बाजूंना. आपल्या भीमाशंकरचं शेकरू जन्म झाडावर काढतं, लांब उड्या मारतं, तरी त्याचे डोळे बाजूलाच आणि बोटांना नख्याच. १९७०च्या दशकात मानवशास्त्रज्ञ मॅट कार्टमिल यांनी या उत्तराविरुद्ध खारींकडेच बोट दाखवलं. समोर बघणारे डोळे मांजराला, घुबडाला असतात. तेव्हा बारीक फांद्यांवर नजरेने किडे टिपताना आपल्या पूर्वजांची ही ठेवण घडली, असं त्यांचं म्हणणं. खार आणि मांजर शेजारी ठेवली की वर्गाला हा वाद न सांगता दिसतो.

टार्सिअर तर या संचाचा जीव आहे. खोबणी पाहूनच मुली थक्क झाल्या. जिवंत प्राण्याचा एकेक डोळा जवळजवळ मेंदूएवढा असतो. तो फळं-पानं खातच नाही, किडे आणि लहान प्राणी खातो. साचाही उत्तम उतरलाय: मांजराची खोबण मागून उघडी, लेमूरच्या खोबणीला हाडाचं अखंड कडं, माकडाला मागे भिंत. बोट घालून फरक कळतो.

सोबतची पुस्तिका मात्र झाडावरच्या आयुष्याचं जुनं उत्तर शेवटचा शब्द म्हणून छापते. मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट ससमन यांनी १९९१मध्ये, फांद्यांच्या टोकांवरची फळंफुलं खाता खाता ही ठेवण घडली, असा विचार मांडला, त्याचा उल्लेखही नाही. अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये सापडलेल्या कार्पोलेस्टिस या जीवाश्माचाही नाही. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचा हा प्रायमेटांचा नातलग. २००२मध्ये त्याच्या सांगाड्याचं वर्णन प्रसिद्ध झालं: पायाचा अंगठा फांदी पकडणारा, त्यावर नख, पण डोळे बाजूला! म्हणजे पकड आधी आली असावी, नजर नंतर. मला स्वतःला हातापायांसाठी ससमन पटतात, डोळ्यांसाठी कार्टमिल. बारावीच्या मुलांना एवढा वाद नक्की पेलतो, त्यांच्यापासून तो लपवू नये.

कवट्यांसोबत हातापायाचा एखादा साचा हवा होता, कारण निम्मा प्रश्न बोटांचाच आहे. माकडाच्या जबड्याची स्प्रिंग सैल आली, विक्रेत्याने आठवड्यात बदलून दिली. खारीची कवटी फार लहान आहे. मोठा वर्ग असेल तर ती एकच वेगळी जादा मागवा.