आईच्या फोनवरचे ऑडिओबुक ॲप: नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझी आई ७४ वर्षांची आहे आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्याजवळ राहते. मधुमेहामुळे तिच्या दृष्टिपटलाला इजा झाली आणि गेल्या वर्षापासून तिला छापील ओळी भिंगातूनही सलग वाचता येईनाशा झाल्या. १८५० साली सुरू झालेल्या करवीर नगर वाचन मंदिराची ती जुनी सभासद असून आठवड्याला दोन पुस्तके बदलून आणण्याचा तिचा नेम चाळीसहून अधिक वर्षे चालला होता. तो मोडला तेव्हा तिला झालेले दुःख आम्ही पाहिले आहे, म्हणून गेल्या नोव्हेंबरात वर्षाची वर्गणी भरून मी तिच्या अँड्रॉइड फोनवर एक ऑडिओबुक ॲप घेतले. ॲपचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणी या प्रकारच्या कोणत्याही ॲपमध्ये येऊ शकतात आणि त्या कशा शोधल्या, हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

पहिले दोन आठवडे उत्तम गेले. वाचणाऱ्यांचे आवाज स्पष्ट होते, उच्चार शुद्ध होते आणि दुपारच्या जेवणानंतर आई तास-दीड तास तल्लीन होऊन ऐकत बसे. तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मागचंच परत सांगायला लागलंय बघ हे." मी पाहिले तेव्हा कादंबरी सातव्या प्रकरणावरून पाचव्यावर गेली होती. त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा असे होऊ लागले. कधी चाळीस मिनिटे मागे, कधी दोन प्रकरणे मागे. डोळस माणूस पडद्यावरची पुढे-मागे नेणारी पट्टी बोटाने सरकवून आपली जागा पुन्हा शोधतो. आईला ती पट्टीच दिसत नाही, त्यामुळे ऐकलेला भाग आहे की नवा, हे ठरवण्यासाठी तिला वीस-वीस मिनिटे पुन्हा ऐकत बसावे लागे. वाचकाची खूण जपणे हे अशा ॲपचे पहिले काम आहे आणि तेच चुकत असेल तर ग्रंथसंग्रह कितीही मोठा असला तरी त्याचा उपयोग उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ग्राहक सेवेला कळवले तेव्हा ॲप काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला मिळाला. तो मी फार विचार न करता पाळला आणि फोनमध्ये उतरवून (डाउनलोड करून) ठेवलेली सगळी पुस्तके गेली. ध्वनी ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ किलोबिट) दर्जाचा असेल तर तासाला सुमारे २९ एमबी लागतात, म्हणजे बारा तासांचे पुस्तक ३५० एमबीच्या आसपास जाते. १२८ केबीपीएसला याच्या दुप्पट. आमची अकरा पुस्तके पुन्हा उतरवण्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली आणि दोष तसाच राहिला. येथे एक सावधगिरी सांगते. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपच्या स्टोरेजखाली 'कॅशे साफ करा' आणि 'डेटा साफ करा' असे दोन वेगळे पर्याय असतात. पहिल्याने तात्पुरत्या फाइल जातात. दुसऱ्याने उतरवलेली पुस्तके, लॉगिन आणि फोनवरच्या खुणा असे सर्व काही पुसले जाते. सुरुवात नेहमी पहिल्यापासून करावी. राजारामपुरीतल्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात तर पूर्ण फोनच रीसेट करायला सांगितले. आईचे सगळे नंबर आणि अक्षरांचा वाढवलेला आकार त्यात गेला असता, म्हणून मी नकार दिला.

मग मी आठवडाभर वहीत नोंद ठेवली: किती वाजता ऐकणे थांबवले, किती वाजता पुन्हा सुरू केले आणि खूण हलली का. पुस्तक चालू असताना कधीच काही बिघडत नव्हते. दुपारी थांबवून संध्याकाळी पुन्हा लावले की गडबड होत असे. यातून पहिले कारण सापडले. २०१५ साली आलेल्या अँड्रॉइड ६ पासून पडद्यामागच्या ॲपवर बॅटरी वाचवण्यासाठी निर्बंध येतात आणि अनेक उत्पादक त्यात स्वतःचे आणखी कडक नियम घालतात. आवाज चालू असेपर्यंत फोन ॲपला हात लावत नाही, पण ऐकणे थांबवून काही वेळ गेला की ते बंद केले जाऊ शकते. ॲपने तोवर आपली जागा सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या संगणकाला, कळवली नसेल, तर पुन्हा उघडल्यावर जुनीच जागा मिळते. मी ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'अनिर्बंध' हा पर्याय निवडला, ॲपला आपणहून सुरू होऊ देणारा फोनमधला 'ऑटो स्टार्ट' चालू केला आणि थांबवल्यानंतर वाय-फाय लगेच बंद न करण्याची सवय घरात लावली. बॅटरीच्या वापरात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. मागे जाण्याचे प्रकार मात्र निम्म्याहून कमी झाले.

निम्म्याहून कमी झाले, पण थांबले नाहीत, आणि मला खरा त्रास या उरलेल्यांनी दिला. शेवटी एका रविवारी मी फोन विमान मोडवर टाकून पंचवीस मिनिटे पुस्तक चालवले, ॲप पूर्ण बंद केले आणि इंटरनेटशिवायच पुन्हा उघडले. जागा बरोबर होती. इंटरनेट जोडले आणि काही क्षणांत पुस्तक दोन प्रकरणे मागे गेले. म्हणजे फोन खूण बरोबर ठेवत होता आणि सर्व्हरवरून आलेली दुसरी कोणती तरी खूण तिच्यावर बसत होती. ही दुसरी खूण कुठली, याचा विचार करताना भाच्याच्या टॅबलेटची आठवण झाली. दिवाळीच्या सुट्टीत त्याला गोष्टी ऐकता याव्यात म्हणून मी त्यावर आईच्याच खात्याने लॉगिन केले होते, आणि आईची कादंबरीही त्यावर एकदा थोडी ऐकून पाहिली होती. तो टॅबलेट पाहिला तर त्याची तारीख एक दिवस पुढे होती. खेळातल्या 'लाइफ' लवकर मिळाव्यात म्हणून मुले घड्याळ पुढे करतात, त्यातलाच तो प्रकार होता. दोन उपकरणांपैकी ज्याची वेळ नंतरची, त्याची खूण खरी, असा हिशेब ॲप करत असावे. त्या हिशेबाने टॅबलेटवरची जुनी खूण कायम ताजी ठरत होती. मी तारीख आणि वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला आणि टॅबलेटवरून आईचे खाते काढून टाकले. ही गोष्ट मार्चमधली आहे. तेव्हापासून आजवर खूण एकदाही मागे गेलेली नाही.

तीन महिने हा छळ चालू असताना ॲपने पडद्यावर एका ओळीचा प्रश्न विचारला असता, की दुसऱ्या उपकरणावर वेगळी जागा दिसते आहे, कोणती ठेवू, तर हे सगळे टळले असते. काही ॲप असे विचारतात. या कंपनीनेही विचारावे, असे मी त्यांना दोनदा लिहून कळवले आहे.

ब्लूटूथ स्पीकरची अडचण याहून सोपी होती. त्यावरचे 'पुढे' हे बटण पुढच्या गाण्यावर जाण्यासाठी असते आणि ऑडिओबुकमध्ये ते थेट पुढच्या प्रकरणावर नेते. आवाज वाढवताना आईचे बोट त्यावर पडत असे. ॲपच्या सेटिंगमध्ये हेडफोनच्या बटणांना तीस सेकंद पुढे-मागे असे काम देता येते. तसे केल्यावर चुकून बटण दाबले गेले तरी फारसे बिघडत नाही.

वाचनाच्या गतीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण येथे दोष तांत्रिक नव्हता. आई म्हणू लागली, की ही बाई धापा टाकत वाचते आहे. गती तर नेहमीचीच, १ वर होती. शोधल्यावर 'शांतता वगळा' नावाचा पर्याय चालू सापडला. वाक्यांमधला मोकळा वेळ कापून तो पुस्तक लवकर संपवतो. माहितीपर पुस्तकाला तो चालेल, परंतु कथा वाचणारी व्यक्ती जिथे थांबते, तिथे ती कथाच सांगत असते. संवाद संपला, दार लागले, कोणी काही बोलले नाही, हे सारे त्या थांबण्यातून कळते. ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे ऐकतात, त्यांनी हा पर्याय बंद आहे ना, हे आधी पाहावे. गती ०.९ केली तर आईला अधिक बरे वाटते. त्याखाली आणल्यास आवाजाला किंचित घुमल्यासारखा पोत येतो.

माझी सर्वांत मोठी तक्रार टॉकबॅकच्या बाबतीत आहे. अँड्रॉइडमधल्या या सोयीमुळे पडद्यावर बोट ठेवले की तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो आणि दोनदा टॅप केल्यावर ते उघडते. मराठीतही ते चालते आणि आई चार दिवसांत शिकली. मात्र बटणांना नावे देणे हे ॲप बनवणाऱ्यांचे काम असते. या ॲपमध्ये 'चालू करा' आणि 'थांबवा' यांना नावे आहेत, परंतु झोपेचा टायमर आणि प्रकरणांची यादी यांवर बोट ठेवले की फोन केवळ 'बटण' एवढेच म्हणतो. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी सर्वाधिक उपयोगी असलेल्या वस्तूत ही उणीव राहावी, याचे मला वाईट वाटते.

जुलैत पावसाने आमच्या गल्लीतली इंटरनेटची केबल तुटली आणि आठवडाभर वाय-फाय नव्हते. आईच्या फोनमध्ये मोबाईल डेटा नसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर आमच्या घरी पावसाळ्याची तयारी आधीच करून ठेवतात आणि त्यात आता पुस्तके उतरवून ठेवणेही आले आहे. तरीही पाचव्या दिवशी उतरवलेले पुस्तकही चालेना. वर्गणी तपासण्यासाठी ॲप इंटरनेट मागत होते. माझ्या फोनचा हॉटस्पॉट दोन मिनिटे दिल्यावर ते पुन्हा सुरू झाले. त्यामुळे लांबच्या प्रवासाला किंवा नेटवर्क नसलेल्या गावी निघण्याआधी घरीच एकदा ॲप इंटरनेटवर उघडून घ्यावे.

वर्गणीचे वर्ष नोव्हेंबरात संपेल. या नऊ महिन्यांत आईची एकवीस पुस्तके ऐकून झाली आहेत, त्यामुळे नूतनीकरण मी करणार आहे, मात्र या वेळी एकदम वर्षाचे न करता महिन्याचे करीन. बटणांना नावे पुढच्या आवृत्तीत येतील, असे उत्तर मला मे महिन्यात मिळाले होते. त्यानंतर ॲपचे दोन अपडेट आले. टायमरला नाव मिळाले आहे, प्रकरणांची यादी मात्र अजूनही 'बटण'च आहे.