मुलांसाठी गणिती कला: पुठ्ठ्यावरचा दोरा की ठिपक्यांभोवतीचं वेटोळं?

आठ ते बारा वर्षांच्या मुलांकडून चित्र काढता काढता गणित करून घ्यायचं, तर दोन उपक्रम हमखास सुचवले जातात. एक, गोलावर भोकं पाडून पाढ्याप्रमाणे दोरा ओवणं. दुसरा, ठिपक्यांभोवती अखंड रेघ फिरवणं. दोन्ही करून घेतले आहेत, आणि दोन्हींत दम आहे.

आधी दोरा. जाड पुठ्ठ्यावर 7 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ, कोनमापकाने दर 10 अंशांवर खूण, म्हणजे 36 भोकं. दाभणाने भोकं मोठ्यांनीच पाडावीत. आता दोनचा पाढा: 1 ला 2, 2 ला 4, असं 18 ला 36 पर्यंत. पुढे 19 ची दुप्पट 38, त्यातून 36 वजा, म्हणून 19 ला 2. शेवटी 35 ला 34. सगळे दोरे सरळ, तरी मधोमध पत्त्यातल्या बदामासारखा आकार उमटतो, फक्त खालचं टोक गोलसर. तीनचा पाढा घेतला तर एकाऐवजी दोन खाचा पडतात. मेरी एव्हरेस्ट बूल यांनी एकोणिसाव्या शतकात अशा टाक्यांतून मुलांना वक्ररेषांची ओळख करून दिली. ज्यांचं नाव शिखराला मिळालं त्या जॉर्ज एव्हरेस्टांची ही पुतणी.

दिसायला याला तोड नाही, आणि भिंतीवर लावता येतं हेही खरं. अडचण ओवण्याची आहे. 1 मधून वर येऊन 2 मध्ये खाली गेलं की मूल पुन्हा 2 मधूनच वर येतं, कारण पुढची जोडी 2–4 आहे. त्याच भोकातून सुई परतली की आधीचा टाका सुटतो. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो: वरून 1 ते 2, मागून 2 ते 4, वरून 4 ते 2, मागून 2 ते 3, वरून 3 ते 6, मागून 6 ते 8, वरून 8 ते 4. हे एकदा समजलं की मूल पटापट जातं. 12 आणि 24 या जोडीवर दोनदा दोरा येतो, तेही आधीच सांगून ठेवावं, नाहीतर आपण चुकलो असं वाटून उसवणं सुरू होतं.

पण माझ्यासाठी निकाल लावला तो दोऱ्याच्या लांबीने. एका पुठ्ठ्याला मागचे टाके धरून जवळजवळ चार मीटर दोरा लागतो. सलग घेतला तर गुंता, मीटर-मीटरचे तुकडे केले तर दर थोड्या वेळाने गाठ मारून पुन्हा सुई ओवणं. मोठ्या नेढ्याची बोथट सुई दिली तरी समोर आठ-दहा मुलं असली की मोठं माणूस पूर्णवेळ सुया ओवत बसतं. त्यात एखादं भोक चुकलं तर ते चार-पाच टाके पुढे गेल्यावर कळतं, आणि तोवरचं सगळं उसवावं लागतं. दोऱ्याऐवजी पेन्सिल-पट्टी घेतली तर हा त्रास संपतो, पण त्या कामाची अर्धी गोडी दोऱ्यातच आहे.

ठिपक्यांत हे काही नाही. आपल्या नेहमीच्या रांगोळीत रेघ ठिपके जोडते. इथे ती तमिळ कोलमसारखी ठिपक्यांना वळसे घालते. अंगोलातले चोक्वे लोकही वाळूत अशीच चित्रं काढतात. चौकटीच्या कागदावर 2 सेंमी अंतराने ठिपके द्या. नियम एवढाच: रेघ शेजारच्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मधून तिरकी जाते, आणि कड आली की कडेच्या ठिपक्याला वळसा घालून आत वळते. कोपऱ्यातल्या ठिपक्याला पाऊण फेरी. निघालो तिथे परत आलो की एक वेटोळं झालं. मधल्या जागा उरल्या असतील तर दुसऱ्या रंगाने पुढचं.

3×4 ला एकच वेटोळं निघतं, 3×3 ला तीन. वेटोळ्यांची संख्या म्हणजे ओळी आणि रकाने यांचा मसावि. हे सांगायचं नाही, तक्ता करायला लावायचं. दोऱ्याच्या पुठ्ठ्यावर मूल गुणाकार करतं, नियम मात्र आपण आधीच देऊन टाकलेला असतो; इथे तो त्याचा त्यालाच सापडतो. माझं माप इकडे झुकतं ते यामुळेही.

चुका इथेही होतात. सर्वांत नेहमीची म्हणजे दोन रेघा जिथे एकमेकींना छेदायला हव्यात तिथे मूल वळून परत फिरतं, आणि वेटोळी कमी-जास्त होतात. शेजारच्या प्रत्येक जोडीच्या मधोमध फुली पडली आहे का ते बघायचं: 3×4 मध्ये अशा 17 फुल्या हव्यात. चूक सापडली की खोडरबर पुरतो. रांगोळीची पूड मात्र सुरुवातीला नको, चिमटीतून जाड रेघ पडते आणि फुल्या बुजतात. आधी कागद, मग अंगणात खडू.

एकदोनच मुलं असतील, वय अकरा-बाराच्या पुढे असेल आणि भेट म्हणून काही करायचं असेल, तर दोरा जरूर घ्या. एरवी ठिपके बरे, असं मला वाटतं. क्रम 2×3, 3×3, 3×4 असा ठेवा. तोवर बहुतेक मुलं ‘सारखे असले तर तितकी, वेगळे असले तर एक’ असा अंदाज बांधतात. मग 4×6 द्या.