घरपोच जनुकीय चाचणी आणि स्किझोफ्रेनियाचा ‘धोका’

माझ्या धाकट्या भावाला अनेक वर्षांपासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार, आहे. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा समोरच्या घरून ‘हे आनुवंशिक असतं ना?’ असा प्रश्न अगदी सौम्य शब्दांत आला आणि त्याचे उत्तर कागदावर मिळावे म्हणून मुलीने स्वतःच घरपोच जनुकीय चाचणीचा संच मागवला. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण माझा आक्षेप एका कंपनीपेक्षा या प्रकारच्या अहवालावर आहे.

संच नीटनेटका होता. लाळ गोळा करण्याची नळी, नमुना टिकवणारा द्रव, मराठीतली सूचनापत्रिका आणि परतीचे पाकीट असे सारे जागच्या जागी होते, कुरिअरवालाही वेळेवर आला. अहवाल ईमेलने आला. त्यात मधुमेह, हृदयविकार यांच्या ओळीत स्किझोफ्रेनियाचे एक पान होते. त्यावर हिरव्यापासून लालपर्यंत रंगवलेली अर्धवर्तुळाकार तबकडी, काटा नारिंगी पट्ट्यात आणि खाली ‘सरासरीपेक्षा जास्त’ असा शेरा. हे निदान नव्हे, ही सूचना तळाशी इतक्या बारीक अक्षरांत छापली होती की मला चष्मा काढून ती डोळ्यांजवळ धरावी लागली.

हा काटा कशाच्या आधारे फिरतो, हे समजून घेतले पाहिजे. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जनुकसंचातील 287 जागांचा या आजाराशी संबंध आढळला. त्यातल्या बहुतेक जागांचा एकेकटा परिणाम अतिशय क्षीण असतो, म्हणून त्यांची बेरीज करून गुण काढतात. अशा गुणांवरून व्यक्तीव्यक्तींमधल्या धोक्याच्या फरकाचा जेमतेम सात-आठ टक्के भाग समजतो. शिवाय त्या अभ्यासातले लोक प्रामुख्याने युरोपीय आणि काही प्रमाणात पूर्व आशियाई वंशाचे होते. तिथे बेतलेले गणित आपल्याकडच्या माणसाला लावले की त्याची अचूकता आणखी घसरते. अहवालात याविषयी अवाक्षर नाही, आणि हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो.

आनुवंशिकता खोटी आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. साधारण लोकसंख्येत आयुष्यभरात शंभरात एकाहून कमी लोकांना हा आजार होतो, रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत हे प्रमाण नऊ-दहाच्या घरात जाते आणि पुतण्या-भाच्यांत तीन-चारवर येते. मात्र ज्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात अशा एकसारख्या जुळ्यांतही एकाला आजार असला तर दुसऱ्याला तो निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. उरलेला हिशेब गर्भावस्था, जन्म, बालपण, तारुण्य आणि काही अंशी निव्वळ योगायोग यांच्याकडे जातो. 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्याच्या ऐन भरात ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात पुढे या आजाराचे प्रमाण सुमारे दुपटीने आढळले. फिनलंडमधल्या दत्तक मुलांच्या अभ्यासातून तर दोन्ही बाजूंची सांगडच दिसते. आजारी आईच्या पोटी जन्मलेली मुले अस्वस्थ, कलहाच्या घरात वाढली तेव्हा धोका ठळकपणे वर आला, आणि शांत, निकोप घरात वाढली तेव्हा तो बराच दबलेला राहिला. अर्थात यावरून आई-वडिलांना दोषी धरण्याचे कारण नाही. एकेकाळी आईच्या वागण्यालाच आजाराचे मूळ ठरवून मानसोपचाराने पुष्कळ घरांवर अन्याय केलेला आहे.

आता कंपनीची प्रश्नावली पाहा. उंची, वजन, आहार, झोप हे सारे विचारले होते. बाळंतपण अवघड होते का, लहानपणी मारहाण किंवा छळ झाला का, गांजा ओढता का, यांपैकी एकही प्रश्न नव्हता. नियमित, विशेषतः तीव्र प्रतीच्या गांजाचा मनोविकृतीशी, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या भास-भ्रमांच्या आजारांशी, असलेला संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, आणि या सगळ्या यादीत माणसाच्या स्वतःच्या हातात असलेली गोष्ट बहुधा तीच आहे. जी बाब टाळता येते ती विचारायचीच नाही आणि जी बदलता येत नाही तिचा काटा रंगवून दाखवायचा, हा प्रकार मला अनाकलनीय वाटला.

अहवालासोबत समुपदेशकाचा फोन होता आणि या सेवेतली सर्वांत चांगली बाजू तीच. त्या बाई मृदुभाषी आणि प्रामाणिक होत्या. ‘तुमच्या काकांचा आजार तुम्ही सांगितलात, त्यावरून मला जेवढं कळतं त्यापेक्षा या पानावरून फार काही जास्त कळत नाही,’ असे त्यांनी मुलीला स्पष्ट सांगितले. हे वाक्य विक्रीच्या पानावर असते तर आम्ही पैसे भरले नसते.

जन्मजात हृदयदोष, टाळूतील व्यंग, शिकण्यातील अडचणी अशी लक्षणे एकत्र असतील तर डॉक्टर 22व्या गुणसूत्रातला एक तुकडा गळालेला आहे का, हे पाहण्याची चाचणी सांगतात. तो दोष असलेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याला पुढे स्किझोफ्रेनिया होतो, त्यामुळे ती तपासणी सार्थ आहे. मात्र ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, ठरावीक कारणासाठी होते. घरात एक रुग्ण आहे एवढ्यावरून, आणि त्यातही स्थळाला दाखवण्यासाठी, हा संच घेऊ नये. बांधणी आणि समुपदेशन यांसाठी पाचपैकी दोन गुण. तबकडीच्या पानाला शून्य.