मायक्रोआरएनए की फॉस्फो-एकेटी: थिसिससाठी काय घ्यावं?

तोंडाच्या कर्करोगावर थिसिस करणारे दोघे-तिघे अलीकडे हेच विचारून गेले. रुग्णाचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधायचा, तर मायक्रोआरएनए (जनुकांचं काम दाबणारे आरएनएचे छोटे तुकडे) मोजावं की सिग्नलिंग पाथवेची, म्हणजे पेशीत संदेश पुढे नेणाऱ्या साखळीची प्रथिनं? मी दोन्ही करून बसलोय आणि एकात चांगलाच पोळलोय. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

कागदावर पाथवेचं पारडं जड आहे. ईजीएफआर, पीआय३के, एकेटी, एमटॉर ही प्रथिनांची साखळी पाठच असते, आणि कडी सापडली की तिच्यावर औषध शोधता येतं. स्तनाच्या कर्करोगात हर-२ या प्रथिनासाठी १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब आलं, पीआयके३सीए जनुकाच्या उत्परिवर्तनासाठी २०१९ मध्ये अल्पेलिसिब. उलट मिर-३४ या मायक्रोआरएनएची नक्कल करणारं एमआरएक्स३४ हे औषध रुग्णांपर्यंत पोचलं खरं, पण प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये चाचणीच थांबवावी लागली. शिवाय पाथवेची आकृती व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) फळ्यावर काढता येते. गाईड खूश.

मीही त्याच वाटेने गेलो. जुने पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे), आणि सेरीन ४७३ या जागी फॉस्फेट लागलेलं, म्हणजे चालू असलेलं एकेटी रंगवून दाखवणारी फॉस्फो-एकेटी अँटिबॉडी. पहिल्याच खेपेला एका मोठ्या गाठीच्या स्लाइडवर कडेने सुरेख तपकिरी रंग आणि मध्ये कोरं. गाठीच्या गाभ्यात सिग्नल बंद पडतो, असं मानून मी दोन आठवडे त्यावर इमले बांधले. मग हिस्टोच्या (स्लाइड बनवणाऱ्या लॅबच्या) टेक्निशियनने सहज विचारलं, "सर, हा पीस फॉर्मॅलिनमध्ये कधी पडला?"

ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. रक्तपुरवठा तुटल्यावरही फॉस्फेटेज ही एन्झाइम्स आपलं काम करत राहतात आणि एकेटीवरचं फॉस्फेट उतरवत जातात. नमुना आहे तसा टिकवणारं फॉर्मॅलिन आत मुरतं ते मुंगीच्या पावलांनी, त्यामुळे कडा वाचते, गाभा जातो. शनिवारी संध्याकाळी काढलेली गाठ सोमवारी कापली गेली असेल, तर मी मोजत होतो ती वॉर्डबॉयची सुट्टी! एवढ्या एका गोष्टीने माझं मन उडालं. अँटिबॉडी बदलता येते, स्कोअरिंग दोघांकडून करून घेता येतं, पण पाच वर्षांपूर्वीची ती वेळ कुठून आणणार?

त्याच ब्लॉकमधून मग मिर-२१ हे मायक्रोआरएनए काढलं. मायक्रोआरएनए जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडचं, त्यात आर्गोनॉट प्रथिनाच्या कुशीत बसलेलं. फॉर्मॅलिनमध्ये लांब एमआरएनएचे तुकडे होतात, हे बऱ्यापैकी टिकून राहतं. माझ्या हाताला तरी दुसऱ्यांदा मोजलेले आकडे पहिल्याशी जुळले, आणि महिनाभराने मला नीट झोप लागली.

गंमत म्हणजे यात पाथवे सुटतच नाही. मिर-२१ पीटेनला दाबतं, आणि पीटेन हा एकेटीचा ब्रेक. म्हणजे गोष्ट तीच, फक्त एक पायरी वरून पाहिलेली. जिभेच्या कर्करोगात मिर-२१ वाढलेलं असणं आणि रुग्ण कमी जगणं यांचा संबंध प्रसिद्ध अभ्यासांत दिसलाही आहे.

आता त्याचेही नखरे आहेत. मिर-२१ सूज आणि फायब्रोसिसमध्येही (ऊती कडक होण्यातही) वाढतं, गाठीभोवतालच्या फायब्रोब्लास्ट पेशींमध्येही असतं. आपल्याकडे सुपारी-गुटख्यामुळे सबम्यूकस फायब्रोसिस झालेली तोंडं कमी नाहीत, म्हणून ब्लॉकमधला ट्यूमरचा भाग खरवडून वेगळा घ्याच. नॉर्मलायझेशनला (नमुन्यांमधला फरक काढायला) यू-६ हा संदर्भ आरएनए एकटाच वापरलात, तर परीक्षक सोडणार नाहीत. आणि रक्तातून मोजण्याचा मोह झाला, तर आधी प्लाझ्माचा रंग बघा. तांबड्या पेशी फुटल्या की मिर-१६ आणि मिर-४५१ धो-धो बाहेर येतात, आणि त्याच मिर-१६ ला संदर्भ धरून मोजणारे लोक आहेत.

दोन्हींपैकी काहीही घेतलंत तरी गाठ किती खोल गेली आहे आणि मानेतल्या ग्रंथींचं काय, हे अंदाजाच्या मॉडेलमध्ये घालावंच लागेल. त्यांच्यासमोर माझं मिर-२१ ही थोडं बिचकलंच होतं.

तुमच्याकडे ताजे नमुने येत असतील, छोटी बायोप्सी थेट फॉर्मॅलिनमध्ये पडत असेल, तर फॉस्फो-एकेटी जरूर करा, कदाचित तुमचा अनुभव वेगळा येईल. जुन्या ब्लॉकवर मात्र मी पुन्हा करणार नाही. माझी उरलेली अँटिबॉडी उणे वीसच्या फ्रीजरमध्ये पडून आहे. कुणी मागितली तर देईन, फक्त ऑपरेशन थिएटरात घड्याळ घेऊन कोण उभं राहणार ते आधी विचारेन.